सरांच्या एक्स्टर्नल बाई

सरांनी माझे बारावीचे मार्क कधीच विचारले नाहीत. गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फायलीत आणि फाइल छातीशी धरून मी सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेले होते. फायलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. स्वयंपाकघराकडे तोंड करून ते अदबीनं म्हणाले, "अहो बाई, आपण जरा बाहेर येता का?" त्यांच्या पत्नी असतील असं समजून मी उठून हात जोडले. बाहेर आली ती तपकिरी रंगाची एक गावठी कोंबडी.

"या आपल्या एक्स्टर्नल," सर म्हणाले. "आठ दिवस तुझ्याकडे राहतील. पुढच्या गुरुवारी चार वाजता घेऊन ये."

सर शेतकी कॉलेजात कोंबड्यांचा विषय शिकवून निवृत्त झाले होते. तिथे प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतो, त्याला सगळे एक्स्टर्नल म्हणतात आणि त्याच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळते. निवृत्तीनंतर सरांनी तो मान कोंबडीला दिला. शेती, जनावरं, जंगल, पर्यावरण यांतली कोणती पदवी घ्यावी हे विचारायला जो येईल, त्याच्या घरी ही कोंबडी आठ दिवस मुक्कामाला जायची. आठ दिवसांनी तो काय घेऊन येतो आणि काय बोलतो, त्यावरून सर एका चिठ्ठीवर त्याची शाखा लिहून द्यायचे. सल्ला फुकट होता, आणि त्यावर वाद घालायची सोय नव्हती.

या परीक्षेच्या कथा पेठेत सगळ्यांना पाठ होत्या. एका मुलाच्या आजोबांनी कोंबडीसाठी सायकलच्या तारांचं, आपोआप दार लागणारं खुराडं करून दिलं. सरांनी मुलाला विचारलं, तू काय केलंस? तो म्हणाला, मी दाराचा स्क्रू बदलला, आजोबांचा चुकत होता. त्याला कृषी अभियांत्रिकी मिळाली. एकीनं आठ दिवस कोंबडीकडे ढुंकून पाहिलं नाही, पण तिची शिट कुंडीत घालून मिरचीचं रोप वाढवलं. ती उद्यानविद्येला गेली. एका मुलाच्या घरी पाहुणे आले आणि एक्स्टर्नलचा रस्सा झाला. त्यानं मान खाली घालून कबुली दिली. सरांनी शांतपणे विचारलं, किती वेळ शिजवली, तेल कधी सुटलं, उरलेली दुसऱ्या दिवशी कशी लागली? मुलानं सगळं बिनचूक सांगितलं. त्याला अन्नतंत्रज्ञान लिहून मिळालं आणि सरांनी नवीन एक्स्टर्नल नेमल्या. पद कायम, व्यक्ती बदलते, असं ते म्हणायचे.

एक मुलगी मात्र पाकिटात चार पिसं घेऊन आली आणि म्हणाली, दार माझ्याकडूनच उघडं राहिलं, मांजरानं नेली, दुसऱ्या कुणाचा दोष नाही. सरांनी चिठ्ठीवर पर्यावरणशास्त्र असं लिहिलं. जे गेलं ते गेलं आणि आपल्यामुळे गेलं, असं सरळ सांगणारं माणूस तिकडे हवंच आहे, असं त्यांचं मत.

तेव्हा पेठेत दर दोन इमारतींआड एक कॉम्प्युटर क्लास निघाला होता. कुणाचा ना कुणाचा मुलगा अमेरिकेला निघालेला असायचा आणि त्याचे पेढे खाऊन खाऊन आमच्या पिढीचे दात किडले. अशा दिवसांत दुग्धतंत्रज्ञान आणि मत्स्यविज्ञान हे शब्द तोंडातून काढणारा माणूस लोकांना थोडा सरकलेला वाटणारच. सरांचा कॉम्प्युटरवर राग नव्हता. उलट दहातल्या नऊ जणांना ते तिकडेच पाठवायचे. "कॉम्प्युटर बंद करून जेवायला जाता येतं," ते म्हणायचे. "ज्याला बटण लागतं, त्यानं तिकडे जावं. गाईला बटण नसतं."

सर एकटेच राहायचे. स्वयंपाकघरात चहा, साखर, रवा यांच्या डब्यांच्या ओळीतच माती भरलेले डबे होते; मांजरी गावची माती, सासवडची, जुन्नरची. डब्यांवर नावं नव्हती, कारण सरांना वासावरून कळायचं. पाहुण्यांना कळायचं नाही. मी गेले त्या दिवशी मला चहा मिळाला आणि शेवटच्या घोटाला दाताखाली काहीतरी कचकन आलं. सरांनी माझ्या कपात बोट घालून ते चाखलं, विचार केला आणि म्हणाले, "मांजरीची. ऊस चांगला येतो." मी उरलेला घोट पिऊन टाकला, कारण समोर एक्स्टर्नल बसल्या होत्या आणि मला वाटलं परीक्षा सुरू झाली.

आणखी एक गोष्ट. सर आपण आणि अहो फक्त कोंबडीला म्हणायचे. माणसांना, मग तो निवृत्त न्यायाधीश का असेना, अरे आणि अगं. कारण विचारलं तर सांगायचे, माणसाचा मान त्यानं काय केलं ते पाहून ठरतो, कोंबडीनं सकाळीच अंडं दिलेलं असतं.

मला पशुवैद्य व्हायचं होतं. त्यामागे काही काळीज पिळवटून टाकणारी कथा नाही. मला जनावरं आवडायची आणि माणसं त्या मानानं कमी आवडायची, एवढंच. पण घरी पप्पा होते. पप्पा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. आम्ही पेठेला लागूनच सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. जनावरांचं नाव काढलं की त्यांचा चेहरा दगडाचा व्हायचा, आणि त्यांचं कारण साधं नव्हतं. माझ्या आजोबांच्या वाट्याला गावानं मेलेली ढोरं ओढायचं काम दिलं होतं. आजोबांनी एक दिवस ते दोर टाकले, धम्मदीक्षा घेतली आणि पोरांना शाळेत घातलं. "तुझ्या आजोबांनी ज्यातून आम्हाला बाहेर काढलं, त्यात तू डिग्री घेऊन परत जाणार का?" पप्पा विचारायचे. मी फक्त रडायचे, आणि रडणं हे उत्तर नाही हे मलाही कळत होतं.

शेवटी पप्पांनीच तोडगा काढला. सर दहातल्या नऊ जणांना कॉम्प्युटरकडे पाठवतात ही कीर्ती त्यांच्या कचेरीपर्यंत पोचली होती. सरांनी पशुवैद्यक लिहून दिलं तर पप्पा फॉर्मवर सही करतील, नाहीतर मी निमूट कॉम्प्युटर शिकेन, असं ठरलं. फॉर्म द्यायची शेवटची तारीख शुक्रवार होती आणि एक्स्टर्नलना परत न्यायचा दिवस गुरुवार. म्हणजे माझं सगळं आयुष्य एका कोंबडीच्या हवाली झालं.

त्या एक्स्टर्नलची ओळख सांगते. डाव्या पायात तांबडा दोरा, आणि तुऱ्याचा मधला दात अर्धा तुटलेला. तो म्हणे पेठेतल्या एका बोक्यानं नेला होता, आणि बोक्याचा कान बाईंनी. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्या कॉटखालची जागा पाहिली, नापसंत केली आणि पप्पांच्या इस्त्रीच्या शर्टांवर बसल्या. पप्पा काही बोलले नाहीत. माझी परीक्षा चालू होती, त्यामुळे त्यांनी निकाल लागेपर्यंत न बोलायचं ठरवलं असावं. ते तसे न्यायी होते.

शनिवारी पंचाईत झाली. शेजारच्याच इमारतीत एका संचालकांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि पप्पांनी त्यात माझं आधीच नाव घातलं होतं, न जाणो उपयोगी पडेल म्हणून. आई तिच्या शाळेत, पप्पा कचेरीत, आणि बाईंना एकटं ठेवलं तर शर्टांचं काही खरं नव्हतं. मी त्यांना बाजाराच्या पिशवीत घालून क्लासला नेलं. त्या वेळी कॉम्प्युटरच्या खोलीत एसी असायचा आणि आत जाताना देवळासारख्या चपला बाहेर काढाव्या लागायच्या. मी पिशवी चपलांच्या कपाटाशी ठेवली आणि आत जाऊन बसले.

अर्ध्या तासानं बाहेर मोठा आवाज झाला. संचालक घरी निघाले होते आणि त्यांचा पाय बुटात शिरत नव्हता. बुटात बाई बसल्या होत्या. त्यांना उठवल्यावर त्यांच्याखाली अंडं निघालं, चांगलं गरम. बाईंना हा व्यत्यय आवडला नाही. त्या उघड्या दारातून एसीत शिरल्या, दोन टेबलं ओलांडून एका मॉनिटरवर चढल्या आणि तिथली ऊब त्यांना एवढी मानवली की डोळे मिटून घेतले. मॉनिटरपुढचा मुलगा दोन दिवसांपासून एक प्रोग्रॅम लिहीत होता. बाईंनी त्याच्या फ्लॉपीवर आपला अभिप्राय नोंदवला.

संचालक सभ्य गृहस्थ होते, ओरडले नाहीत. ही कुणाची, असं त्यांनी विचारलं. मी सरांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "हे पाहा, उद्यापासून एक तर कोंबडी शिका नाहीतर कॉम्प्युटर. दोन्ही एका बुटात मावत नाहीत." अंडं त्यांनी मला परत दिलं. त्यानंतर त्या जिन्याकडे बघायचीही मला लाज वाटू लागली.

मंगळवारी सकाळी मला बाईंच्या पिसांत उवा दिसल्या. पुस्तकात वाचलं होतं की कोंबडीला राखेत लोळू द्यावं. मी त्यांना गच्चीवर नेलं, पाटीत राख ओतली. त्या लोळल्या, पंख झाडले, माझ्या डोळ्यांत राख घातली आणि मी डोळे चोळत असताना कठड्यावरून पलीकडे गेल्या. डोळे उघडले तेव्हा गच्चीवर मी होते आणि पाटी होती.

सबंध दिवस मी शोधत होते. क्वार्टरच्या मागची झाडी, बोळ, शनिपारापर्यंतचे ओटे, दोन देवळं. एकच जागा सोडली, तो क्लास, कारण तिथे तोंड दाखवायची सोय नव्हती. संध्याकाळी मी जिन्यात बसून हुंदके देत होते तेव्हा पप्पा कचेरीतून आले. त्यांना खरं तर पेढे वाटायला हवे होते. कोंबडी गेली, परीक्षा गेली, मुलगी कॉम्प्युटरला लागली. ते दोन पायऱ्या खाली बसले. डब्याची पिशवी बाजूला ठेवून म्हणाले, "नापास व्हायचं तर परीक्षा देऊन व्हावं. कोंबडी हरवली म्हणून नाही." आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून, तशीच दुसरी कोंबडी घ्यायला त्यांनी मला स्कूटरवर बसवलं.

कसबा पेठेत एका बोळात चाचांचं कोंबड्यांचं दुकान होतं. चाचा साठीचे, पांढरी दाढी, बोलणं मऊ. पिंजऱ्यांत तीस-चाळीस कोंबड्या असतील. मी तपकिरी रंग बघून बोट दाखवत होते, आणि पप्पा एकेक बाहेर काढून बघत होते. दोन्ही पंख एका हातात, दुसरा हात छातीखाली, अंगठ्यानं छातीचं हाड चाचपायचं, डोळा बघायचा, ठेवून द्यायची. इतक्या वर्षांत मी पप्पांना एखाद्या मांजरालासुद्धा हात लावताना पाहिलं नव्हतं. मी बघत राहिले, तर ते ओशाळून म्हणाले, "गावी आजीकडे असायच्या." अकरावी कोंबडी हुबेहूब निघाली. तेच अंग, तोच तोरा. फक्त तुरा अख्खा होता.

चाचांनी तिला हातात घेतलं, तांबडा दोरा बांधला आणि सहज विचारलं, "बेटा, तुऱ्याचा मधला दात थोडा कापून देऊ? हुबेहूब होईल. कुणाला कळणार नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खरं आहे. यांना तुऱ्याचं कसं ठाऊक, हे माझ्या मनातही आलं नाही. मला फक्त सुरी दिसली. मी नको म्हणाले. पप्पांनी हळूच आठवण करून दिली की अख्खा तुरा सर लांबूनच ओळखतील. मी म्हणाले, "ओळखू देत. परीक्षा गेली तर गेली. माझ्या फॉर्मसाठी तिला सुरी लावायची नाही." पप्पांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि मग कोंबडी काखेत घेऊन स्कूटरकडे चालू लागले.

गुरुवारी चार वाजता आम्ही सरांच्या दारात. पप्पाही आले, त्यांच्या मते निकालाला पालकानं हजर असावं. सरांनी दार उघडलं आणि पप्पांना म्हणाले, "ये रे, बस." आयुष्यभर साहेब म्हणवून घेतलेले पप्पा निमूट बसले. मी घरून वाक्य पाठ करून आले होते, की सर, उबेनं आणि सकस आहारानं तुरा भरून आला असावा. हे वाक्य मी आदल्या दिवशी शास्त्रीय समजत होते. मी तोंड उघडलं, आणि स्वयंपाकघरातून आमच्या बाई चालत बाहेर आल्या. डाव्या पायात तांबडा दोरा, तुऱ्याचा दात तुटलेला. माझ्या काखेतल्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्या काखेतल्या बाईंकडे पाहिलं.

"कोंबडी जिथे अंडं घालते तिथे परत जाते," सर म्हणाले. "मंगळवारी दुपारी त्या संचालकांच्या बुटात सापडल्या. ते काल आणून देऊन गेले. बूटही ठेवून गेलेत, म्हणाले आता तुमचाच." खरोखर, कोपऱ्यात काळा बूट होता आणि त्यात गवत घातलेलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी सगळं पुणं शोधलं, फक्त शेजारचा जिना सोडून.

मला भूमी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण माझ्याआधी पप्पा उठले. "सर, दुसरी कोंबडी घ्यायची कल्पना माझी," ते म्हणाले. "दुकानात मी नेलं. तिचा दोष नाही."

"तुऱ्याचं चाचांनी विचारलं असेल?" सर म्हणाले.

पप्पा गोंधळले. हो म्हणाले. मग काय झालं, असं सरांनी विचारलं. इथे पप्पा थांबले, आणि ते का थांबले हे मला कळलं. ते खोटं बोलले असते तर मी दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या मनासारखी कॉम्प्युटर शिकले असते. नुसते गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. त्यांनी घसा साफ केला.

"ती नको म्हणाली. परीक्षा गेली तरी चालेल, सुरी लावायची नाही म्हणाली."

सरांनी खिशातून कॅलेंडरचा फाडलेला कागद काढला. लिहिता लिहिता त्यांनी सांगितलं की कोंबडी हरवलेली मुलं हटकून कसब्यातच जातात आणि चाचा प्रत्येकाला सुरीचं विचारतात. तेवढंच विचारतात. हो म्हणणाऱ्याला सांगतात की सुरीला धार नाही, उद्या या. कापत कधीच नाहीत. "ते आमचे इंटर्नल," सर म्हणाले. "या बाई आल्यापासून तुझ्यासकट सातजण चाचांकडे गेले. बाकीचे सहाजण हो म्हणाले. सगळे आता कॉम्प्युटरमध्ये आहेत, चांगलं चाललंय त्यांचं."

चिठ्ठीवर एकच शब्द होता. पप्पांनी ती वाचली, घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवली. काखेतल्या कोंबडीचं काय, असं मी विचारलं. सर म्हणाले, पद एकच आहे. पप्पा म्हणाले, ती आमची.

त्या संध्याकाळी पप्पांनी फॉर्म स्वतः भरला, माझं अक्षर गिचमिड म्हणून. शाखेच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. ते म्हणाले, "माझ्या बापानं मेलेली ओढायची नाहीत म्हणून सांगितलं होतं. जिवंत ठेवायची नाहीत असं कुठं म्हणाला होता?" आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात पशुवैद्यक असं लिहिलं. मला रडू आलं. या वेळीही ते उत्तर नव्हतं, पण या वेळी कुणी प्रश्न विचारलेला नव्हता.

मी वसतिगृहात राहायला गेले आणि कोंबडी पप्पांकडे राहिली. दर रविवारी ते एसटीडी बूथवरून फोन करायचे. माझी विचारपूस दोन वाक्यांत आटपायची आणि मग विचारायचे, "हिची शिट हिरवी झालीय. हे तुम्हाला कितव्या वर्षाला असतं?" दुसऱ्या वर्षाला असतं म्हटलं तर सांगायचे, मग पुस्तकात पुढचं बघून ठेव.

पदवीचा कागद हातात आला त्या दिवशी आम्ही दोघं सरांकडे गेलो. सर वाकले होते, पण डब्यांची ओळ तशीच होती. मी कागद पुढे केला. त्यांनी तो पाहिला नाही, मार्क याही वेळी विचारले नाहीत. त्याच बाई कोपऱ्यात त्या बुटापाशी एका पायावर उभ्या होत्या, दुसऱ्या पायाचा तळवा सुजलेला.

"अहो डॉक्टर," सर म्हणाले, "बाईंचा पाय दुखतोय. आपण जरा बघता का?"

मी इकडेतिकडे पाहिलं. खोलीत दुसरं कुणी डॉक्टर नव्हतं. पप्पांनी पदवीचा कागद मातीच्या डब्यावर ठेवला, कडक इस्त्रीच्या शर्टाची बाही वर सारली आणि माझ्यासाठी बाईंना नीट धरलं, दोन्ही पंख एका हातात, दुसरा हात छातीखाली.